पहिल्या दिवशी मच्छेपासूनच परत का फिरलात?

"चार वर्षं त्या गाडीमागं घालवलीत आणि पहिल्या दिवशी मच्छेपासूनच परत? तिकडं खानापुरात मामी दारात उभ्या असतील की!"

मामांची जुनी फियाट दुरुस्त करून रस्त्यावर आणल्यापासून हे मला लग्नात, बँकेत, पेट्रोल पंपावर सगळीकडं विचारून झालंय. बेळगावच्या उद्यमबागेतून, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीतून, खानापूर पंचवीसेक किलोमीटर, रस्ता आता चांगला चौपदरी, आणि मी पाच-सहा किलोमीटरवरच्या मच्छे गावापासून परत आले. मी घाबरले नव्हते. गाडीही बंद पडली नव्हती. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

गाडी मामांची. मामा खानापूरला डॉक्टर होते. १९७१ सालची फियाट ११०० डिलाईट, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये बनलेली. हीच गाडी पुढं १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली गेली, त्यामुळं बघणारे तिला पद्मिनीच म्हणतात आणि मी दर वेळी 'फियाट' असं सांगते. मामांच्या तोंडी ती फियाट होती, म्हणून. नंबर अजून 'एमवाय'नं सुरू होणारा, म्हैसूर राज्याचा. राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. ही गाडी त्याच्या आधीची.

जांबोटी, कणकुंबी, पार चोर्ल्याच्या बाजूची गावं, हा मामांचा टापू. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत पावसाळ्यात पाऊस कसा कोसळतो ते बघितलेल्यालाच माहीत. सुट्टीत आम्ही भाचरंडं खानापुरात असायचो. रात्री कुणीतरी कंदील घेऊन दाराशी यायचं, मामा बॅग उचलायचे, आणि सेल्फचा आवाज माझ्या झोपेत शिरायचा. त्या मागच्या सीटवरून बाळंतिणी आल्यात, साप चावलेली माणसं आलीत. कितीही घाई असली तरी मामा निघायच्या आधी दोनदा ब्रेक दाबून बघायचे आणि चारी चाकांभोवती एक फेरी मारायचे. "आत माणूस घालायचंय," एवढंच म्हणायचे.

मामा गेल्यावर गाडी अठरा वर्षं दवाखान्यामागच्या कौलारू शेडात उभी होती. मामीनं किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा चारी टायर जमिनीला चिकटलेले, डिकीत वाळवी, सीटच्या काथ्यात उंदरांची घरटी. इंजिन जाम. मेस्त्रींनी प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि आठ दिवस कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. नवव्या दिवशी पुलीला पाना लावून हलकेच फिरवलं तर नखभर हललं. त्या दिवशी मी घरी गोड म्हणून कुंदा घेऊन गेले.

पत्रा, रंग, सीटची कव्हरं यांच्याबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि मला त्यातच सगळ्यात कमी सांगण्यासारखं वाटतं. पैसा आणि सबुरी असली की ते होतं. खरं काम आत होतं. आमच्या उद्यमबागेत फौंड्र्या, लेथ, ग्राइंडिंगची दुकानं ओळीनं आहेत; क्रँक, बोअर, बुश, जे मुंबई-पुण्यात शोधत हिंडावं लागेल ते इथं दोन गल्ल्यांत होतं. बोअर, म्हणजे सिलिंडरची भोकं, घासून लंबगोल झाले होते, नवे स्लीव्ह बसवले. क्रँक ग्राइंड केला. पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा बोअर करणारे म्हातारे कानडी गृहस्थही आले होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यांनी इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, मग तो माझ्याकडं देऊन म्हणाले, "केळ्री अक्का." कानडीत विचारायलाही 'केळ' आणि ऐकायलाही 'केळ'. मला वाटलं, काय ते विचारा म्हणतायत. मी विचारलं, "ठीक आहे ना?" त्यांनी मान हलवली आणि मूठ माझ्या कानाशी नेली. ऐका, म्हणत होते. आत व्हॉल्व्हचे टॅपेट एका लयीत वाजत होते, आणि त्याखाली एक भरीव, गोल आवाज होता. तो त्यांना हवा होता.

त्या सकाळपासून विचारणं कमी केलं आणि ऐकायला शिकले. मच्छेचा प्रश्न इथूनच सुटतो, म्हणून हे आधी सांगितलं.

कागदांचंही थोडक्यात सांगते, कारण हौशी लोक इथंच फसतात. २०२१ साली केंद्रानं पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. नव्यानं नोंदणी केली तर नंबरात 'व्हीए' येतं, आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. मला ही गाडी जांबोटीच्या रस्त्यावर हवी होती. म्हणून साध्या नोंदणीचंच नूतनीकरण करून घेतलं. पासिंगला गाडी टेम्पोवर चढवून नेली आणि आवारात फिरवून दाखवली. ती फेरी मी मोजत नाही.

आणि पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. आमच्या जिल्ह्यात ऊस आणि साखर कारखाने पुष्कळ, इथेनॉल इथंही तयार होतं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. पण १९७१ च्या रबराला ते सोसत नाही. नळ्या फुगतात, चिरतात, गाडीतल्या पंपाचा पडदा कडक होतो; शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. पेट्रोलच्या वाटेवरचं सगळं रबर आम्ही बदललं. ब्रेकच्या वाटेवरचं मात्र सगळं बदललं नाही. तिथं माझी चूक झाली.

ब्रेक शूंना लायनर नवे, व्हील सिलिंडर नवे, मास्टर सिलिंडरचे वॉशर नवे. पुढच्या चाकांकडं जाणारे दोन रबरी पाइप होते. उजवा चिरला होता, तो बदलला. डावा बाहेरून धडधाकट दिसत होता. मेस्त्री म्हणाले, दोन्ही काढूया. मी म्हणाले, मूळचा आहे, राहू दे. मामांच्या गाडीतलं जे जे मूळचं राहील ते राखायचं, असा माझा हट्ट होता, आणि तो हट्ट मी रंगापासून ब्रेकपर्यंत सरसकट चालवला.

नोव्हेंबरातला रविवार, सकाळचे सहा. उद्यमबागेत लॉऱ्या सुरू व्हायच्या आत निघायचं होतं. मामीला आदल्या रात्री फोन केला होता. मेस्त्री शेजारी बसले, मांडीवर पाण्याची बाटली आणि चिंधी. चोक ओढला, सेल्फ मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबले. आवारातच तीन वेळा पुढं-मागं करून ब्रेक दाबले. मग पहिला गिअर, आणि गेटाबाहेर.

काय वाटलं, असंही विचारतात. स्टिअरिंग जड वाटलं. खिडकीतून धान कापलेल्या शेतांचा ओला वास आला. मागचे स्प्रिंगचे पाटे नवीन बुशांवर कुरकुरत होते, दुसऱ्या गिअरला बारीक शीळ होती, तिसऱ्याला ती थांबली. मेस्त्रींनी बजावलं होतं, पहिले पाचशे किलोमीटर काटा पन्नासच्या पुढं न्यायचा नाही आणि एकाच वेगावरही ठेवायचा नाही, नवीन पिस्टन रिंगा बोअरशी जुळायला हव्यात. मी पस्तीस-चाळीसनं चालले होते. पिरनवाडीला जांबोटीचा फाटा आला तेव्हा माझा हात आपोआप इंडिकेटरकडं गेला आणि मी तो मागं घेतला. मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनीही ते बघितलं होतं.

मच्छेच्या अलीकडं एका म्हशीसाठी वेग कमी केला आणि गाडीनं डावीकडं ओढ घेतली. थोडीशीच. मेस्त्री म्हणाले, "अक्का, हात जरा सैल सोडा." सैल सोडले. रस्ता सरळ होता आणि गाडी डावीकडं चालली होती, ब्रेकवर पाय नसतानाही. "थांबवा."

ते उतरले आणि हाताची पालथी बाजू एकेका चाकाजवळ धरत गेले. मागची दोन्ही कोमट. पुढचं उजवं कोमट. डाव्याजवळ हात नेला आणि झटक्यात मागं घेतला. बाटलीतलं चार थेंब पाणी ब्रेकच्या ड्रमवर टाकलं, ते चुर्र करून उडालं. आम्ही वीस मिनिटं रस्त्याकडेला उभे राहिलो. मग त्यांनी त्या चाकाचं ब्लीडर निपल, ब्रेक ऑइल बाहेर सोडायची बारीक तोटी, अर्धा आटा सैल केलं. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि जॅकवर उचललेलं चाक हातानं भिंगरीसारखं फिरलं.

नंतर तो पाइप ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून गुळगुळीत, आतून इतका फुगलेला की काडेपेटीतली काडी जाईना. पायाच्या जोरानं ऑइल पुढं जात होतं, पण परत यायला वाट नव्हती; म्हणून ब्रेक लागायचा आणि सुटायचाच नाही. अशी गाडी मी खानापूरला नेली असती तर वाटेत ड्रम तापत गेला असता, आतलं ऑइल उकळलं असतं आणि पेडल जमिनीला टेकलं असतं. या गाडीत चारी चाकांचे ब्रेक एकाच लाइनवर आहेत. एक गेला की चारी गेले. पणजीकडून येणाऱ्या लॉऱ्यांच्या मध्ये, आणि मामीला घेऊन निघाल्यावर झालं असतं तर शेजारी पंच्याऐंशीची ती.

म्हणून मच्छेपासून परत. गिअर उतरवत, हँडब्रेकवर, वीसच्या वेगानं.

मला प्रश्न विचारणाऱ्यांना पहिली फेरी म्हणजे वरात वाटते. हार, नारळ, फोटो, घरचे सगळे आत कोंबलेले. मला ते पटत नाही, आणि कुणी गाडी नव्यानं उभी करत असेल तर त्याला मी हात जोडून सांगते की पहिल्या फेरीला घरचं माणूस आत घेऊ नका. जवळचा, ओळखीचा, सपाट रस्ता निवडा. शेजारी कान असलेला माणूस बसवा. पाच किलोमीटरवर थांबून चाकांना हात लावा. गाडी तेव्हा काही सांगत असते. आत गप्पा चालू असल्या की ते ऐकू येत नाही.

परत आल्यावर मामीला फोन केला. मला अवघड झालं होतं. तिनं पहाटे उठून पोहे भिजवले होते. चाकाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग चाक बघून ये की. मी कुठं जायलीय?"

दोन्ही पाइप नवे बसले. पुढचे पाच रविवार आम्ही फिरलो: मच्छे, मग हिंडलगा, मग उचगाव, बाची, आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडून शिनोळीपर्यंत. वंटमुरीचा घाट चढवून रेडिएटर बघितला. पाचशे किलोमीटरला ऑइल बदललं, हेडचे बोल्ट पुन्हा आवळले, टॅपेट लावले. दर वेळी थांबून चारी चाकांना हात.

सहाव्या रविवारी खानापूर. मामी अंगणात आली, हेडलाइटच्या कडेवरून पदर फिरवला, रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी पुढचं दार उघडलं तशी म्हणाली, "थांब, आधी फेरी मार." मी चाकांभोवती फेरी मारली. दोनदा ब्रेक दाबले. मग ती बसली.

"कुठं जायचं?"

"जांबोटीकडं घे. पन्नास वर्षं नुसतं ऐकलंय, जांबोटीला गेलेत, जांबोटीहून आलेत. मला कधी नेलं नाही, गाडी कायम कामावर."

गाव मागं पडलं, झाडी सुरू झाली, वारा आत येऊ लागला. मामीनं दाराच्या पुढच्या तिकोनी काचेची खिट्टी न बघता बोटानं शोधली, काच अर्धी वळवली, आणि वारा तोंडावर येणार नाही अशी धरून बसली.