रातांब्याचं भावंड

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या घराजवळ जे एशियन दुकान आहे, तिथे फळांवरची पाटी चिनी लिपीत, त्याखाली व्हिएतनामी, आणि इंग्रजी नाव असलंच तर ते शेजारच्या फळाचं. पहिले सहा महिने मी तिथून फक्त आलं आणि कोथिंबीर आणत होते. मग ठरवलं, दर शनिवारी एक अनोळखी फळ घ्यायचं.

फोटोवरून झाडं-फळं ओळखणाऱ्या ॲपवर भिस्त होती. त्याने गोल, तपकिरी फळांच्या घोसाला बटाटे ठरवलं, तेव्हा फोनवर कुडाळला आईलाच गाठलं. ती म्हणाली, "गो, ह्ये रिठे कित्याक हाडलंस?" साल नखानेच फुटली. आत पारदर्शक गर, त्यात काळीभोर चकचकीत बी. ते निघालं लाँगन. चिनी नावाचा अर्थ ड्रॅगनचा डोळा, आणि सोललेलं फळ दिसतंही तसंच. नंतर वाचलं की लाँगन, लिची, केसाळ रामबुतान आणि आपला रिठा, सगळे एकाच कुळातले. आईचा नेम फारसा चुकला नव्हता.

तेव्हापासून पाटी वाचणं सोडलं. फळ कोणासारखं दिसतं ते बघायचं, घरी आणून कापायचं आणि आईला दाखवायचं.

फसलेही. जाळीत बांधलेला, गोठवलेला काटेरी गोळा फणस समजून उचलला. फणसाचे काटे बोथट असतात, तो हातात धरता येतो. हा धरवेना, तेव्हाच शंका यायला हवी होती. कापला तर चीक नाही, मधला दांडा नाही, गर पाच कप्प्यांत. ड्युरियन! हा फणसाचा कोणी नाही, भेंडी आणि सावरीच्या कुळातला आहे. भेंडीची चकती आठवा, कप्पे लगेच पटतील. चव मला बरक्या फणसाच्या जवळची वाटली, पण वासाने नवरा गॅसची शेगडी तपासून आला. त्याला हसू नये. 2018 मध्ये मेलबर्नच्या एका विद्यापीठाचं ग्रंथालय सडक्या ड्युरियनच्या वासाला गॅसगळती समजून रिकामं केलं होतं.

'कॅरांबोला'ला मात्र आईने एका नजरेत ओळखलं: करमल. पोर्तुगीजांनी आपल्याकडचंच नाव उचलून जगभर नेलं, आणि मी ते न्यू जर्सीत नवीन म्हणून विकत घेतलं. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे फळ खाऊ नये.)

खरी गंमत मँगोस्टीनची. जांभळट काळं, मोसंबीपेक्षा लहान, डोक्यावर हिरव्या पाकळ्यांची जाड टोपी. अमेरिकेत ताजं मँगोस्टीन बरीच वर्षं मिळतच नसे. थायलंडहून विकिरण केलेली (किरणांचा मारा करून कीड मारलेली) फळं यायला 2007 मध्ये परवानगी मिळाली. पहिल्यांदा आणलेली चार दगडासारखी निघाली, सुरी शिरेना. दुकानातल्या एका व्हिएतनामी आजींनी मला पुन्हा तीच चूक करताना पाहिलं. त्यांनी माझ्या हातातलं फळ काढून घेतलं, अंगठ्याने साल दाबून दाखवली. जरा दबते तेच घ्यायचं. मग फळ उलटं करून तळाच्या फुलासारख्या खुणेवर बोट ठेवलं आणि सहा बोटं दाखवली. घरी उघडलं तर पांढऱ्या फोडी बरोबर सहा. त्या खुणेला जितक्या पाकळ्या, तितक्या आत फोडी.

पण सालीच्या रसाने बोटं आणि ओटा रंगला, तेव्हा माझे हात थांबले. हा रंग मी ओळखत होते. मे महिन्यात अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडताना फ्रॉकवर पडायचा तो. जाड साल, आत बियांना चिकटलेला पांढरा गर, देठाशी टोपी. मँगोस्टीन आणि कोकम दोन्ही गार्सिनिया या एकाच वनस्पती-गटातले. फक्त मँगोस्टीनमध्ये आंबटपणा नावापुरता.

आईचा पुढचा प्रश्न अर्थातच, "सालीचा आगळ होता काय?" आगळ म्हणजे सोलकढीत घालतो तो कोकमाचा खारट रस. साली खिडकीत वाळवल्या, मीठ लावून भिजवल्या. पाणी तपकिरी झालं, चव नुसती कडू-तुरट. सोलकढीसाठी काढून ठेवलेलं नारळाचं दूध शेवटी भाजीत घातलं.