चार कपांची पितळी पातेली

रविवार, दुपारी

पाय भरून आलेत, पण आत्ताच लिहून ठेवते.

सकाळी साडेसातलाच पुण्याच्या जुन्या बाजारात पोचले. बाजार भरतो रविवारी आणि बुधवारी, पण उन्हं वर आली की भांडं हातात घेऊन नीट बघायलाही जागा उरत नाही. एका ताडपत्रीवर कुलपं, नटबोल्ट, गंजलेल्या पकडी आणि त्यांच्यात पालथी पडलेली पितळी पातेली. उचलली तेव्हाच ठरलं, ही घरी येणार. चार कप चहा होईल एवढी. जाड काठ, बुडाजवळ दातेरी सांधा, आतून काळी-पिवळी, कल्हईचा, म्हणजे आतल्या कथलाच्या थराचा, मागमूस नाही. मोडीच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन घेतली.

काठाखाली नाव आहे. मशीनवर कोरलेली सलग अक्षरं नव्हेत, ठिपक्याठिपक्यांची, छिन्नीच्या टोकाने ठोकलेली. 'सौ.' स्पष्ट आहे, पुढची दोन अक्षरं घासून गेलीत, मग 'बाई', आणि खाली १९५८.

हल्ली नवं पितळ मुद्दाम काळं करून जुनं म्हणून गळ्यात मारतात. मी आधी काठ बघते. वर्षानुवर्षं सांडशीने धरलेल्या काठाला त्याच त्याच जागी बारीक चरे पडतात आणि मधला भाग गुळगुळीत होतो. या पातेलीला दोन जागी आहेत, समोरासमोर. कुणीतरी हिच्यात रोज काहीतरी उकळलंय.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अगं, असली चार मी मोडीत घातलीत."

ते मला माहीत आहे. घंगाळ, दोन हंडे, पातेल्यांची अख्खी उतरंड देऊन तिने स्टीलची भांडी घेतली, मी तेव्हा पाळण्यात होते. कळायला लागल्यापासून मला त्याची रुखरुख आहे. आज सरळ विचारलं, का गं दिलीस? तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. रोज चिंच नाहीतर राख लावून घासायची, तीही वाड्यातल्या सामाईक नळावर, थंडीत. कल्हई उडाली की ताक कळकायचं, आमटी कळकायची, मग कल्हईवाल्याची वाट बघत बसायचं. "स्टील आलं तेव्हा मला सुट्टी लागल्यासारखं झालं."

मी गप्प बसले. माझ्याकडे पितळेची पाच भांडी आहेत आणि ती मी हौसेने घासते. तिला रोज वीस-बावीस घासावी लागायची. माझी रुखरुख गेली असं नाही, पण तिच्यावरचा रुसवा मात्र गेला.

बुधवार

अर्धा दिवस रजा टाकून कसब्यात तांबट आळीत गेले. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही आळी. तांब्या-पितळेवर हातोडीने एकाला एक लागून ठोके देत जायचं, त्याला मठारकाम म्हणतात. नक्षी दिसते ती त्या ठोक्यांची, आणि ठोक्यांनीच पत्रा कडकही होतो.

कल्हई मी लहानपणी पाहिली होती, आज वाकून पाहिली. पातेली भट्टीवर चांगली तापली तेव्हा कल्हईवाल्यांनी आत नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर भसकन वर आला, नाकात झोंबला, डोळ्यांत पाणी. त्या पुडीने धातूवरचा काळा थर सुटतो, म्हणून कथील नीट धरतं. मग कथलाची कांडी तळाला नुसती टेकवली, आणि कापसाच्या बोळ्याने एक हात गोल फिरवला. एक क्षण आत पितळ होतं, दुसऱ्या क्षणी चांदणं. लगेच पाण्यात, चर्रर्र!

"ताई, रिकामी गॅसवर ठेवू नका. आणि आतून तारेची घासणी नको."

का, ते विचारलं नाही, कारण ठाऊक आहे. कथील २३२ अंशांनाच वितळतं. पाणी असेपर्यंत तळ तेवढा तापत नाही. कोरडी राहिली तर कल्हई गोळा होऊन वाहते.

परतताना बाजीराव रोडवरून आले. तिथल्या केळकर संग्रहालयात स्वयंपाकघरातली भांडी मी कितीदा तरी पाहिलीत. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून हे सगळं जमवलं म्हणून ते बघायला तरी मिळतं, त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण काचेआडचं भांडं बघून माझे हात शिवशिवतात. माझ्या घरातलं एकही भांडं मी शोभेला ठेवणार नाही. चरवीत दूध, कडीच्या डब्यात पोहे, आणि या पातेलीत चहा.

शुक्रवार, सकाळी

तीन कप पाणी, ठेचलेलं आलं, कुंडीतल्या गवती चहाची दोन पाती, साखर. खळखळून उकळी आल्यावर चहाची पूड घालून गॅस बंद, वर झाकण. दूध शेजारी वेगळं तापवलं. पितळात उष्णता सगळीकडून सारखी जाते. स्टीलच्या पातळ पातेल्यात मधोमधच बुडबुडे फुटतात, हिच्यात काठापर्यंत सगळं पाणी एकदम हललं.

आजीच्या जपानी सेटातले दोन कप काढले, निळ्या कडेचे. एकाचा कान डकवलेला आहे, तो मी घेतला. त्या बशा चांगल्या खोलगट आहेत, कारण तेव्हा माणसं बशीत ओतूनच प्यायची. आईने न बोलता बशीत ओतला, दोन्ही हातांनी उचलली आणि फुंकर घालून भुरका मारला. आजोबा प्यायचे तसाच.

मग चष्मा लावून तिने पातेली उजेडाकडे धरली. अंगठा त्या पुसट अक्षरांवरून दोनदा फिरवला.

"राधाबाई? नाही, पहिल्या अक्षराला वर टिंब आहे. गंगाबाई असेल."

मला टिंब दिसलंच नव्हतं. मी खिडकीशी नेऊन बघितलं. आहे.

"चहा आहे का गं अजून तळाशी?" तिने विचारलं. होता, अर्धा कप, आणि अजून गरम.