घोड्याचा ईसीजी: दौड संपल्या संपल्या घ्या

अर्ध्या शर्यतीपर्यंत घोडा जोरात असतो आणि मग एकदम हवा गेल्यासारखा मागे पडतो. लंगडत नाही, नाकातून रक्तही नाही. अशा वेळी हृदयाची लय तिथल्या तिथे तपासा. यामागे एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. घोड्यांत हे पुष्कळदा 24 ते 48 तासांत आपोआप थांबतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर येईपर्यंत ठोके सुरळीत झालेले असतात आणि घोडा कामचुकार ठरतो.

मोबाइलला जोडायचं खिशातलं ईसीजी यंत्र इथे उपयोगी पडतं. डाव्या बाजूला, कोपराच्या मागे, तंग (खोगिराचा पोटपट्टा) बसतो त्या जागी ते उभं धरायचं. आधी खरारा करून धूळ काढा, मग केस स्पिरिटने मुळापर्यंत भिजवा. वरवर ओले केले तर रेघ केसाळ येते. तीस सेकंदांची पट्टी, म्हणजे ईसीजीचा आलेख, अगदीच तोकडी. दोन मिनिटं तरी घ्या. माशी बसली की घोडा कातडी थरथरवतो आणि ती थरथर हुबेहूब फिब्रिलेशनसारखी दिसते. मोतद्दाराला माश्या वारायला उभं करा.

पडद्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. यातली बहुतेक अ‍ॅप माणसांसाठी बनलेली. घोड्याची टी लाट (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होतानाची) मोठी असते, अ‍ॅप तिलाही ठोका समजतं आणि 36 चे 72 करून दाखवतं. स्टेथोस्कोप लावून स्वतः मोजा.

विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण 28 ते 44. तीन-चार ठोके पडून एक गळाला, तर घाबरायचं कारण नाही. तयारीच्या घोड्यात व्हेगस नर्व्हच्या (हृदयाचा वेग कमी करणाऱ्या नसेच्या) जोरामुळे असं सर्रास होतं. पट्टीवर पी लाट (वरच्या कप्प्यांच्या ठोक्याची लहान लाट) दिसते, पुढचा क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची ठळक खूण) तेवढा नसतो. चार पावलं दुडकी चालवलं की हे जातं. फिब्रिलेशनमध्ये पी लाट कुठेच सापडत नाही, तळरेघ सतत लहरत असते आणि ठोक्यांमधल्या अंतरांना काही धरबंद नसतो. 48 तासांनीही तसंच असेल तर स्वारी बंद, घोडा तज्ज्ञाकडे.

भरधाव दौडीत हातातलं यंत्र निरुपयोगी. तिथे चिकटपट्टीच्या इलेक्ट्रोडचा रेकॉर्डर पट्ट्याखाली बसवावा लागतो. घामाने इलेक्ट्रोड सुटतात, म्हणून केस कापून, कातडी कोरडी करून मगच चिकटवा. ठोक्यांमधलं अंतर तेवढं नोंदवणारे साधे हार्ट रेट पट्टे या कामाचे नाहीत. त्यातली काही सॉफ्टवेअर वेडावाकडा ठोका ‘चूक’ समजून पुसून टाकतात! मिनिटाला 240 ठोक्यांवर दोन ठोक्यांत जेमतेम 250 मिलिसेकंद असतात. एखादा ठोका 15 मिलिसेकंद लवकर आला तर तो डोळ्याला सुटतो, आणि टापांचा हादराही तशीच उसळी काढतो. म्हणून मूळ आलेखच हवा.

घोडा थांबला म्हणून रेकॉर्डर काढू नका, निदान दहा मिनिटं चालू ठेवा. वेग उतरताना जादा ठोके सर्वांत जास्त सापडतात. एखाद-दुसरा सुटा ठोका निरोगी घोड्यातही येतो. रुंद क्यूआरएसची ओळच लागली किंवा ऐन भरात ठोके वेडेवाकडे पडले, तर काम तिथेच थांबवा. पट्टीवर घोड्याचं नाव आणि दौड संपून किती मिनिटं झाली ते लिहा. त्या मिनिटांशिवाय डॉक्टरला पट्टीचा नीट अर्थ लावता येत नाही.