केशरी दिसणारी भाकरी

सोलापूरहून कुणी विमानानं निघालं की आमच्याकडे अजून निम्मी गल्ली सोडायला येते. येणारच की! विमानाच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीवरून वर्षानुवर्षं भांडण चाललं, ती २०२३ मध्ये पडली, मग जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान आणि ऑक्टोबरात मुंबईचं.

मी लेकीकडे युरोपात निघाले होते. मोठी बॅग चादरींनीच भरत आली. शेंगा चटणी त्यात ठेवणं शक्य नव्हतं. उखळात कुटली की तिला तेल सुटतं आणि तो डाग चादरीवरून जन्मात जात नाही. म्हणून चटणीचा डबा आणि कडक भाकरीचा पुडा खांद्यावरच्या पिशवीत.

होटगी रोडच्या आमच्या विमानतळावर तपासणीत काकूनं ओटीत घातलेली सुक्या खोबऱ्याची वाटी निघाली. चालत नाही म्हणाले. कारण ऐकून हसू येतं, पण ते खरं आहे. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की मोठ्या साठ्यात ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला ‘यूएन १३६३’ असा क्रमांकसुद्धा आहे. एका वाटीनं काय पेटणार, असं मनात आलंच. पण भाऊ बाहेर थांबलेला, दारापर्यंत आला. “दे की अक्का इकडं, आमटीला होतंय.” संपला विषय.

मुंबईत भाकरी अडली. पडद्यावर एकावर एक रचलेल्या गोल, घट्ट, केशरी चकत्या. क्ष-किरण यंत्र धातू निळा दाखवतं आणि सेंद्रिय वस्तू केशरी. अन्नही केशरी, आणि बरीचशी स्फोटकंही केशरीच. त्यामुळे तपासणीतल्या मुलीनं पुडा सोडायला लावला याचा मला राग नाही. तिनं पुड्यावरून कापडी पट्टी फिरवली, पट्टी दुसऱ्या यंत्रात घातली, स्फोटकाचं काही निघालं नाही. “ज्वारीची का?” तिनं विचारलं. मुलगी बीडकडची निघाली. चटणीच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि जा म्हणाली.

विमान बदलायचं होतं त्या परदेशी विमानतळावर पुन्हा रांग, पुन्हा ट्रे, पुन्हा बूट काढा. तिथं तोच डबा ‘पेस्ट’ ठरला. पेस्ट म्हणजे द्रव, आणि द्रव १०० मिलीपेक्षा जास्त नको. मी डबा उलटा धरून दाखवला. थेंब पडला नाही. साहेबांनी डब्याच्या कडेला साचलेल्या तेलाकडे बोट दाखवलं आणि डबा पिंपात टाकला. स्टीलचा डबा, झाकणासकट.

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघड झाला, तेव्हापासूनची ही अट. ती मला मान्य आहे. पण मुंबईतल्या त्या पट्टीनं क्षणात निकाल दिला होता. इथं पट्टीचं यंत्र शेजारीच होतं, चटणीला ते कुणी लावलं नाही. आणि वस्तू खरंच धोक्याची वाटत असेल, तर ती माणसांच्या रांगेशेजारी उघड्या पिंपात, परफ्यूमच्या बाटल्या आणि कुणाच्या तरी तुपावर कशी टाकता हो? तिथं ना पावती, ना परत पाठवायची सोय, ना दारात उभा भाऊ. लहान विमानतळाची टिंगल करणाऱ्यांनी हे एकदा अनुभवावं.

एडिनबरासारख्या काही विमानतळांनी नवी सीटी स्कॅनर यंत्रं बसवून २०२५ मध्ये ही मर्यादा २ लिटरवर नेली. म्हणजे तोच डबा एका गावात निर्धोक आणि दुसऱ्या गावात गुन्हेगार. प्रवाशानं नेमकं काय लक्षात ठेवायचं?

लेकीनं दारातच विचारलं, “चटणी?” मग भाकरी नुसत्या दह्याबरोबर मोडली. मिक्सरवर कोरडी फिरवून आण, म्हणजे तेल सुटणार नाही, असं जावयांनी सुचवलं. चांगल्या मनानं सुचवलं, म्हणून गप्प बसले. त्याला आमच्यात चटणी म्हणत नाहीत, कूट म्हणतात. पुढच्या खेपेला चादरी खांद्यावर आणि डबा मोठ्या बॅगेत, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून. डबाही आता स्टीलचा नको, श्रीखंडाचा रिकामा बरा.