ठोके वाढत नव्हते

मे महिना, त्यात संकष्टी. सकाळचे सात वाजले होते, तरी कूलरची हवा कोमटच लागत होती. जळगावचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या जिममध्ये पर्सनल ट्रेनरच्या एका जागेसाठी तिघांची चाचणी होती. फ्लोअर माझ्याकडे असतो, त्यामुळे निवडही माझ्याकडेच. तोंडी मुलाखतीत सगळेच छान बोलतात, म्हणून मी प्रश्न कमी विचारतो. प्रत्येकाला चाळीस मिनिटं आणि एक खराखुरा मेंबर देतो आणि वही घेऊन बाजूला उभा राहतो.

तिघांपैकी पहिला धुळ्याचा मुलगा. ऑनलाइन कोर्स केलेला, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र फाइलमध्ये. दुसरा पारोळ्याकडचा पैलवान. तालमीतली बारा वर्षं आणि कागद एकही नाही. तिसरी चोपड्याची मुलगी, बी.पी.एड. झालेली. वर एका फिटनेस कोर्सची परीक्षा दिलेली, आणि सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून त्याला जगवायचं तंत्र, डमीवर प्रत्यक्ष दाबून शिकलेली.

धुळ्याच्या मुलाला आम्ही दिले आमचे काका. वय ५४, रावेरकडचे केळीचे व्यापारी. तीन वर्षांपासूनचे मेंबर, पण येणं आपलं केळीच्या भावासारखं, कधी चढतं कधी पडतं. नवीन पोरांच्या चाचणीला ते हौसेने उभे राहतात.

मुलाने सुरुवात व्यवस्थित केली. काकांना पाच मिनिटं खुर्चीत बसवलं, मग मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजले आणि चारने गुणले. ठोके ५८. "काका, फिटनेस चांगला आहे तुमचा," म्हणाला. मग कागदावर हिशोब मांडला: २२० वजा ५४ म्हणजे १६६, त्यातून ५८ गेले, राहिले १०८, त्याचे साठ टक्के ६५, त्यात परत ५८ मिळवले, म्हणजे १२३. एवढ्या ठोक्यांवर काकांना वीस मिनिटं चालवायचं. ही कार्व्होनेनची पद्धत. नुसतं २२० वजा वय करून टक्के काढण्यापेक्षा बरी, कारण ती बसल्या जागेचे ठोकेही धरते. मी वहीत बरोबरची खूण केली.

ट्रेडमिल ताशी ५.५ किलोमीटर, चढ २. सहा मिनिटांनी ठोके ९६. त्याने चढ ४ केला. ठोके ९९. वेग ६, चढ ६. ठोके १०२. हँडलवरचा सेन्सर फसवतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने परत मनगटावर मोजले. तेच. १२३ काही येईनात, म्हणून तो चढ वाढवत राहिला. आकडा कमी म्हणजे मेहनत कमी, हे त्याचं गणित. एव्हाना काकांनी पुढची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. दांडी धरली की अंगावरचा भार हलका होतो, म्हणजे माणूस दमल्याचं ते पहिलं लक्षण. मी थांबवायला हवं होतं. मी वहीत "दांडी धरू दिली" असं लिहीत होतो.

आपली पाळी यायची वाट बघत पैलवान बाकावर बसला होता. तो उठला, सरळ ट्रेडमिलपाशी गेला आणि काकांना विचारलं, "काका, केळीना भाव काय शे आज?" काका त्याच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "हो हो, ठेवलंय." पैलवानाने लाल बटण दाबलं.

तालमीत हे असंच बघतात. गड्याला काहीतरी विचारायचं. पूर्ण वाक्य बोलला तर चालू दे, तुटक बोलला तर हळू, आणि विचारलं एक, सांगितलं दुसरं असं झालं तर बस. पुस्तकात याला 'टॉक टेस्ट' म्हणतात. पैलवानाला नाव माहीत नव्हतं.

काकांना खाली बसवलं. कपडे ओलेचिंब, पण त्या सकाळी कोण कोरडं होतं? पैलवान म्हणाला, "ऊन लागनं," आणि लिंबू-मीठ-पाणी मागवलं. तेवढ्यात चोपड्याची मुलगी पुढे आली. छातीत दुखतंय का, जबडा किंवा डावा हात जड वाटतोय का, हे आधी विचारलं. काकांनी मान हलवली, नाही. मग तिने विचारलं, "काका, सकाळी उठल्यापासून काय खाल्लं? आणि कुठली गोळी घेतली?"

काका अडखळत म्हणाले, "चहा. बिनसाखरेचा. आज चतुर्थी ना. आणि दोन गोळ्या."

त्या दोन गोळ्या कोणत्या ते नंतर त्यांच्या मुलाने फोनवर वाचून दाखवलं. एक मेटोप्रोलॉल, रक्तदाबाची. दुसरी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी, साखरेची.

या दोघींचा एकत्र खेळ समजून घेतला तर त्या वीस मिनिटांत काय झालं ते उलगडतं. मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर. तो हृदयाचे ठोके दाबून ठेवतो, बसलेले असतानाही आणि पळतानाही. म्हणून काकांचे ५८ ठोके फिटनेसचे नव्हते, गोळीचे होते. पोट सुटलेल्या, अधूनमधून येणाऱ्या चोपन्न वर्षांच्या माणसाचे ठोके ५८ भरले की शाबासकी देण्याआधी गोळीची चौकशी करायची असते. आणि १२३ चा आकडा त्यांच्यासाठी मुळातच लागू नव्हता. अशा माणसाला ठोक्यांवर चालवतच नाहीत. त्याला विचारायचं, सहा म्हणजे काहीच मेहनत नाही आणि वीस म्हणजे जीव तोडून, या मापात मेहनत किती वाटते? उत्तर १२ ते १४ च्या आत ठेवायचं. नाहीतर पैलवानासारखा केळीचा भाव विचारायचा.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, माणूस जेवलेला असो वा नसो. उपाशीपोटी ती गोळी आणि त्यावर चढाचं चालणं, म्हणजे साखर खाली जाणार हे जवळजवळ ठरलेलंच. साखर घसरली की एरवी हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस स्वतःच सावध होतो. पण बीटा ब्लॉकर नेमकी ही थरथर आणि धडधड झाकतो. झाकत नाही फक्त घाम. आणि मे महिन्यातल्या जळगावात घामावरून काय ओळखणार, कपाळ!

ग्लुकोमीटर जिममध्ये नव्हता. ही चूक माझी, त्या मुलाची नाही. मुलीने मशीनची वाट बघितली नाही. संशय असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर साखर आधी, आकडा नंतर. अर्धा ग्लास पाण्यात चहाच्या चमच्याने चार चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ते २० ग्रॅम. कोणीतरी उपासाचा शेंगदाण्याचा लाडू पुढे केला, तो तिने बाजूला ठेवायला लावला, कारण शेंगदाण्यातलं तेल साखरेला रक्तात उतरू देत नाही लवकर. केळंही नंतर. केळीच्या व्यापाऱ्याला केळं नको म्हणणारी ही पहिलीच असेल. पंधरा मिनिटांत काका नीट बोलायला लागले. शेजारच्या गल्लीतून एका मेंबरने घरचा ग्लुकोमीटर आणला, तेव्हा आकडा ८१ आला. आधी किती होता ते कधीच कळणार नाही. मग केळं दिलं. उपास मोडला का, हे काकांनी विचारलं, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

काका "आता बरं वाटतंय, स्कूटरवर जातो" म्हणत होते. जाऊ दिलं नाही. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहू शकतो, साखर परत खाली येऊ शकते. त्यांचा मुलगा येऊन त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथे ईसीजीही काढला, तो ठीक निघाला. डॉक्टरांनी उपासाच्या दिवशी ती गोळी कशी घ्यायची ते लिहून दिलं. ते लिहिणं डॉक्टरांचंच काम. ट्रेनरने "उद्या गोळी घेऊ नका" असं म्हणणं हा दुसरा गुन्हा झाला असता.

सगळं निवळल्यावर मी धुळ्याच्या मुलाला केबिनमध्ये बसवलं आणि विचारलं, बीटा ब्लॉकरने ठोक्यांचं काय होतं? तो क्षणभरही थांबला नाही. "कमी होतात सर. अशा क्लायंटला मेहनतीच्या मापावर चालवायचं." मी बघतच राहिलो. मग हळू आवाजात तो म्हणाला, "परीक्षेत हा प्रश्न होता. पण तिथं लिहिलेलंच असतं की हा माणूस बीटा ब्लॉकर घेतो."

प्रमाणपत्र हवं की नको, यावर आमच्या धंद्यात तावातावाने बोलणारे पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांना मला हे वाक्य ऐकवावंसं वाटतं. आपल्याकडे पर्सनल ट्रेनर व्हायला कायद्याने कुठलाही परवाना लागत नाही. दाढी करणाऱ्याच्या वस्तऱ्याची जास्त चौकशी होते. त्यामुळे निवडणाऱ्यालाच कागद वाचता यायला हवा. बी.पी.एड. ही पदवी आहे, पण ती शाळा-मैदानाभोवती फिरते. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा कोर्स एकेका खेळाच्या प्रशिक्षकासाठी. केंद्राच्या कौशल्य योजनेत 'फिटनेस ट्रेनर' नावाची स्वतंत्र पात्रता आहे. एसीई, एनएएसएम, एसीएसएम ही अमेरिकेतली प्रमाणपत्रं. पहिली दोन दर दोन वर्षांनी आणि तिसरं दर तीन वर्षांनी नव्याने करावं लागतं, आणि सीपीआर चालू असावा लागतो. म्हणून कुठलंही प्रमाणपत्र हातात आलं की मी मुदतीची तारीख आधी शोधतो. या मुलाच्या कागदावर ती नव्हतीच. मरेपर्यंत चालणारं प्रमाणपत्र! प्रात्यक्षिक परीक्षा झाली का, हा दुसरा प्रश्न. त्याची घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून झाली होती. बिचाऱ्याने अभ्यास मात्र खरा केला होता.

मग पैलवानालाच का घेतलं नाही? दुपारी त्याचीही चाचणी घेतली. स्क्वॉटला स्पॉट देणं, म्हणजे वजन घेऊन बैठक मारणाऱ्याला सांभाळायला उभं राहणं, त्याच्याकडून शिकावं: मागे अगदी जवळ उभा, हात छातीच्या बाजूने काखेखाली, दांडीला बोटही नाही, आणि माणूस अडकला की त्याच्याबरोबर स्वतःही बसून उठतो. चोपड्याची मुलगी इथे कच्ची निघाली. ती बाजूला उभी राहून दांडीचं एक टोक धरायला गेली. एका बाजूने उचललं की दांडी तिरकी होते आणि कंबर पिळली जाते. डंबेल प्रेसला तिने कोपरं धरली. कोपर धरलं तर हात दुमडून वजन तोंडावर येऊ शकतं, मनगट धरायचं असतं.

पण पैलवानाला मी विचारलं, चाळिशीचा दुकानदार पहिल्या दिवशी आला तर काय द्याल? "दोनशे बैठका. अंग मोडतं, मग लागतं वळण." इथे माझा पेन थांबला. सवय नसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी, तेही या उन्हात, दोनशे बैठका दिल्या तर मांडीचे स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरू शकतं. एक-दोन दिवसांत मांड्या दगडासारख्या होतात, लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडावर बेततं. तालमीत हे सहसा होत नाही, कारण तिथे पोरगं बारा-तेरा वर्षांचं असताना येतं आणि वस्ताद त्याला वीस बैठकांवरून वर्षभरात वर नेतो. पैलवानाने स्वतः तसंच केलेलं, पण सुरुवातीचे वीस तो विसरला होता. दुकानदाराला पहिल्या दिवशी पंधराचे दोन सेट, खुर्चीवर टेकून उठायचं, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून मांड्या कशा आहेत ते विचारायचं. बास.

जागा मुलीला दिली. पैलवानाला फ्लोअरवर घेतलं, स्पॉटिंग आणि फॉर्म बघायला. पर्सनल ट्रेनिंग मात्र परीक्षा दिल्यावरच, तोवर नाही. "माले इंग्रजी येत नही," म्हणाला. मराठीतून शिकवणारं शोधू म्हटलं. अजून शोधतोय. धुळ्याच्या मुलाला मी नको म्हटलं नाही, सहा महिने कोणाच्या तरी हाताखाली राहून मग ये म्हटलं. पगाराशिवाय कोण राहतं, हेही खरं.

ग्लुकोमीटर त्याच संध्याकाळी आला. पट्ट्या उन्हाने खराब होतात. ३० अंशांच्या खाली ठेवायच्या असतात, म्हणून त्या फ्लोअरवरच्या पेटीत न ठेवता एसी असलेल्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. डबीवर उघडल्याची तारीख लिहिली. शेजारी साखरेची पुडी.

फॉर्मही बदलला. जुन्या फॉर्ममध्ये "काही आजार?" एवढाच रकाना होता आणि काकांनी तीन वर्षांपूर्वी तिथे "नाही" लिहिलेलं. खोटं नव्हतं ते. आपल्याकडे बीपीची बारकी गोळी चालू असणं म्हणजे आजार नव्हे, आजार म्हणजे दवाखान्यात भरती. नव्या फॉर्ममध्ये विचारलंय, "सकाळपासून रात्रीपर्यंत कोणकोणत्या गोळ्या घेता? पाकिटं घेऊन या." उपास कोणते, हेही.

काकांनी पंधरा दिवसांनी तो भरला. गोळ्या चार: रक्तदाबाची, साखरेची, कोलेस्टेरॉलची आणि पित्ताची, नावं पाकिटावरून उतरवलेली. उपास: चतुर्थी, एकादशी. त्याच्या खाली जुना रकाना आम्ही तसाच ठेवला होता. त्यात त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "आजार काही नाही."