बरणीचे तुकडे आणि सकाळची गाडी

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत काचेची जुनी बरणी माझ्या हातून निसटली. बायको आतून म्हणाली, "अहो, नीट गुंडाळून ठेवा हं", मी हो हो म्हटलं आणि सुपलीत तुकडे गोळा करून एका पातळ पिशवीत भरले, गाठ मारली, सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकली पिशवी आणि विसरूनही गेलो.

सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं, डबा घेऊन मीच गेलो. गाडीवरच्या पोराने सवयीप्रमाणे पिशवी हाताने चाचपली आणि एकदम हात झटकला. हातमोजा होता तरी अंगठ्याच्या मुळाशी चिरलं होतं. आईने धावत येऊन हळद दाबली, पट्टी बांधली, मी नुसता उभा. तो म्हणाला, "होता रहता है अंकल", आणि पुढच्या घराचा डबा उचलायला गेलासुद्धा. ते "होता रहता है" मला अजून टोचतं, म्हणजे असं त्याच्या हाताला रोजच कुठे ना कुठे होत असणार आणि ते आमच्यासारख्यांच्याच घरातून.

आपण इंदूरवाले २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले आलो हे पाहुण्यांना पोहे-जलेबी खाऊ घालता घालता अभिमानाने सांगतो, मी पण सांगतो आणि सांगावंच. पण तो नंबर शेवटी माझ्या ओट्याखालच्या डब्यांपासून सुरू होतो ना! ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरातला घातक कचरा, असं सहा प्रकारचं वेगळं करून द्यायचं असतं. देवगुराडियाला २०२२ च्या फेब्रुवारीत जो बायो-सीएनजीचा प्लांट सुरू झाला त्याची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे, त्यातून दिवसाला जवळपास १७ हजार किलो गॅस मिळू शकतो आणि शहरातल्या बसेसही त्यावर चालतात. तिथल्या बंद टाकीत हवेशिवाय जगणारे जिवाणू भाजीची देठं, शिळं अन्न कुजवून गॅस बनवतात, पण कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काही त्यांना पचत नाही, ते कुणाला तरी आधी वेचून काढावंच लागतं. ते कुणीतरी म्हणजे परत कुणाचा तरी हात.

म्हणून आता मी भाजी निवडतानाच जुडीचं रबर काढतो, ओट्याजवळच्या खिळ्याला अडकवतो. सफरचंदावरचा स्टिकर सालासकट जाऊ देत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडत नाही, जरासा लटकता ठेवतो, कारण तो नखाएवढा तुकडा एकदा सुटला की सिंकमधून कुठे जातो पत्ता लागत नाही. पहिले पंधरा दिवस रोज विसरायचो, खरंच रोज, मग कात्रीच दुधाच्या पातेल्यात ठेवायला लागलो, म्हणजे कात्री हातात घेतली की आपोआप आठवतं. मोठमोठे संकल्प माझ्याच्याने कधी टिकले नाहीत, ही कात्री मात्र टिकली.

आणि काच फुटली तर खोक्यात, वर टेप, आणि टेपवर लाल स्केचपेनने "काँच" असं हिंदीत मोठ्ठं, हे काम मुलीने स्वतःहून घेतलंय. गेल्या महिन्यात ग्लास फुटला तेव्हा ती खोकं घेऊन गाडीपर्यंत गेली आणि त्याच पोराच्या हातात देऊन म्हणाली, "दादा, संभालके". त्याने ते वाचलं, मान हलवली आणि खोकं वेगळं ठेवलं.

रिमोटचे सेल मात्र अजून राहतात माझ्याकडून, ड्रॉवरमध्ये सात-आठ साठलेत, ते देण्याचा कंटाळा करतो मी. आज रात्रीच एका डबीत घालून दाराशी चपलांजवळ ठेवतोय, गाडी साडेसातला येते.