वाजवतोय की लावतोय?

माझ्या दुकानात चालू असलेला डबल बास ऐकून ‘हा वाजवतोय की नुसता लावतोय?’ असं तुम्ही विचारलंत, म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही पहिले नाही, फक्त तुम्ही उत्तरासाठी थांबलात.

सांगलीच्या गणपती पेठेत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काउंटरमागच्या स्पीकरवर डबल बास चालू असतो. एकटा. ना ताल, ना गाणं. पंख्याचा कपॅसिटर न्यायला आलेला माणूस आधी स्पीकरकडं बघतो, मग माझ्याकडं, आणि म्हणतो, “काका, कवापासनं लावतोय ह्यो? वाजवणार कधी?” आमच्या घरात हाच प्रश्न जरा शुद्ध मराठीत येतो. बायको मुलींना गाणं शिकवते. तिच्या मते साथीला बसण्याआधी वाद्यं लावताना जे काही होतं, ते मी पैसे देऊन ऐकतो.

ज्याच्याबद्दल हे चाललंय त्याचं नाव बार फिलिप्स. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, १९३४ चा. गेला डिसेंबर २०२४ मध्ये, नव्वदी पूर्ण करून. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यात थोरला, माणसाहून उंच. तो कवेत घेऊन उभ्यानं वाजवतात. जुन्या हिंदी गाण्यांत तळाला जे धूम-धूम ऐकू येतं, ते बहुतेक वेळा याचंच. चार तारा. त्यातली सगळ्यात खालची सेकंदाला ४१ वेळा कंप पावते. मोबाइलच्या स्पीकरातून ती ऐकूच येत नाही, वरची खरखर तेवढी येते. ‘हे काय मांजर ओरबाडतंय’ म्हणणारे निम्मे लोक मोबाइलवरच ऐकत असतात. हे माझ्या धंद्यातलं ज्ञान आहे, फुकट घ्या. हेडफोन लावा.

मी या माणसापर्यंत पोचलो तो शोभा गुर्टूंमुळे, म्हणजे पर्यायानं बायकोमुळेच. शोभाताई बेळगावच्या, आमच्या घरी त्यांच्या ठुमऱ्या सकाळ-संध्याकाळ. त्यांचा मुलगा त्रिलोक परदेशात तबला आणि इतर तालवाद्यं वाजवतो, एवढं माहीत होतं. त्याचं जुनं काही शोधताना १९७८ ची ‘थ्री डे मून’ सापडली. रेकॉर्ड फिलिप्सची, गिटारवर नॉर्वेचा टेर्ये रिपडाल, आणि तबल्यावर आपला त्रिलोक. तबला ऐकायला बसलो होतो, पण कान सारखे खाली, बासकडं जायला लागले. आज विचाराल तर ती रेकॉर्ड मला तितकी आवडत नाही, त्यातला सिंथेसायझर फार जुनाट वाटतो. पण तिचे उपकार आहेत.

माणूस १९६० पासून पोटापाण्यासाठी वाजवत होता. १९६२ ला न्यूयॉर्कला गेला, एरिक डॉल्फी, जिमी जुफ्री, आर्ची शेप अशा जाझमधल्या तालेवारांबरोबर वाजवलं, १९६७ ला युरोपात आला आणि १९७२ पासून दक्षिण फ्रान्समध्ये राहिला. पुढं डेरेक बेली, एव्हन पार्कर, बॅरी गाय, म्हणजे आधी काहीही न ठरवता वाजवणारी जी मंडळी, त्यांच्यातलाच एक झाला. ऑर्नेट कोलमनबरोबर सिनेमाचं संगीतही केलं. ही यादी लांबवता येईल, पण मला सांगायचंय ते १९६८ चं.

त्या वर्षी लंडनमधल्या एका चर्चमध्ये त्यानं एकट्यानं बास वाजवून ध्वनिमुद्रण केलं. रेकॉर्ड काढायला नव्हे. मॅक्स शुबेल नावाच्या अमेरिकन संगीतकाराला इलेक्ट्रॉनिक रचनेसाठी बासचे नुसते आवाज हवे होते. कापायला, उलटे करायला, एकावर एक चढवायला. कच्चा माल. शिंप्याला जसा तागा द्यावा, तसा यानं आवाजांचा तागा दिला. शुबेलनं तो ऐकला आणि कात्रीच लावली नाही. हे असंच्या असं रेकॉर्ड म्हणून निघालं पाहिजे, असं त्याचं म्हणणं पडलं. ती अमेरिकेत ‘जर्नल व्हायोलोन’ नावानं निघाली, इंग्लंडात ‘अनअकम्पनीड बार’, फ्रान्समध्ये ‘बास बार’. एकच वादन, तीन देशांत तीन बारशी. एकट्या डबल बासच्या उत्स्फूर्त वादनाची पहिली रेकॉर्ड म्हणून आता तिचंच नाव घेतात.

म्हणजे बघा, तुमचा प्रश्न बरोबरच आहे. तो वाजवत नव्हताच, वाजवण्यासाठी लागणारं सामान गोळा करत होता. ते सामानच गाणं आहे, हे ऐकणाऱ्याला आधी कळलं.

“पण आपल्याकडं आलाप असतोच की,” असं गाणं समजणारे लोक मला ऐकवतात. असतो. पण आलापाला घर असतं. कितीही लांब गेलात तरी षड्ज दार उघडं ठेवून बसलेला असतो, आणि कुठल्या गल्लीत शिरायचं नाही हे रागानं आधीच बजावलेलं असतं. इथं तसं कोणी बजावत नाही. त्यामुळं पुष्कळदा कंटाळाही येतो, खोटं कशाला बोलू. तीन-चार जण जमले की एकानं खरवडलं म्हणून दुसऱ्यानंही खरवडायचं, असंही चालतं, आणि मी ते पुढं ढकलतो. फिलिप्स मला एकटा किंवा दुकटाच आवडतो. १९७१ ची ‘म्युझिक फ्रॉम टू बासेस’ ऐका. माइल्स डेव्हिसच्या ताफ्यातून नुकताच बाहेर पडलेला डेव्ह हॉलंड आणि हा, दोन डबल बास, बाकी कोणी नाही. ती काढली ईसीएम या जर्मन कंपनीनं. कंपनीचा मालक मानफ्रेड आयशर हा स्वतः आधी बास वाजवणारा, नाहीतर असला आतबट्ट्याचा धंदा कोण करतंय! आणि त्यानंच २०१८ मध्ये फिलिप्सची एकट्याची शेवटची रेकॉर्ड काढली, ‘एंड टू एंड’. तेरा छोटे तुकडे. वाजवताना वय ८२. पहिलीनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. पहिलीत तो वाद्याचा एकेक कोपरा हुडकत फिरतो, गजाच्या दांडीनं तारांवर मारून बघतो. शेवटचीत हुडकणं संपलंय. एक स्वर काढतो, तो विझेपर्यंत थांबतो, मगच दुसरा.

आता मिरजेचं सांगतो, कारण खरं उत्तर मला तिथं मिळालं.

२०१९ च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. बायकोचा तंबोरा माळ्यावर होता, म्हणून भिजला नाही. पण इतके दिवस कोंडलेल्या दमटपणानं भोपळा आणि दांडीचा सांधा सुटला, तबली जराशी फुगली. दसरा झाल्यावर तो मिरजेला सतारमेकर गल्लीत नेला. तिथल्या कारागीर चाचांनी सांधा सरस लावून जोडला, दोन आठवड्यांनी बोलावलं, आणि आम्ही गेलो तेव्हा ते जवारी काढत होते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट असते, पण अगदीच सपाट नाही, बोटाला कळेल न कळेल एवढा उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते, म्हणून आवाजाला ती झळाळी येते. तीच जवारी. चाचा घोडीवरून कानस दोनदा फिरवायचे, बोटानं पूड झटकायचे, तार छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे. मग तारेखाली सुताचा दोरा घालून केसभर पुढं, केसभर मागं. तार मुकी, मुकी, मुकी, आणि एका जागी एकदम बोलायची. खरजाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधार वर यायचा. हे दीड तास चाललं. मी स्टुलावर बसून होतो. बायको शेजारच्या दुकानात हार्मोनियम बघायला गेली, तिला हे ‘लावणं’ होतं. मला मात्र पहिल्या पंधरा मिनिटांतच वाटायला लागलं की हे मी ऐकलंय. दुकानात, दुपारी, रोज.

न राहवून मी मोबाइल काढला, हेडफोन चाचांच्या कानाला लावले आणि ‘एंड टू एंड’मधला गजानं वाजवलेला एक तुकडा सुरू केला. हे काय आहे, कोणाचं आहे, काही सांगितलं नाही. त्यांनी डोळे मिटून पुरता ऐकला. वाजवतोय की लावतोय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते, “घोडी कसली ह्याची?”

मी म्हटलं, मेपलची, उभी, वरून पातळ धारेसारखी. फोटो दाखवला.

“हां,” म्हणाले, “मग हिला जवारी कुठनं येणार? म्हणून तो घोडीला चिकटून गज ओढतोय. आम्ही घोडीत करतो ते हा हातानं करतोय.”

इतकी वर्षं ऐकून मला हे सुचलं नव्हतं. गज घोडीच्या जवळ नेला की मूळ स्वर बारीक होतो आणि त्याच्या पोटातले वरचे स्वर सुटे होऊन ऐकू येतात. तेच, खरजातून गंधार निघावा तसे. मी उत्साहानं म्हटलं, आणखी एक ऐकवतो, दोन बासचं आहे.

“नंतर,” चाचा हेडफोन माझ्या हातात देत म्हणाले, “आधी हे बंद करा. मला जोडाच्या तारा बघायच्यात.”